पिकअपला ऑल-टेरेन टायर निवडताना

गेल्या आठवड्यात कोल्हापुरातून दादाचा फोन आला. गगनबावड्याच्या बाजूने शहरात माल आणणारी त्याची पिकअप यंदाच्या पावसात दोनदा घसरली होती आणि कोणीतरी त्याला मोठ्या गोट्यांचे, म्हणजे नक्षीत मोठे रबरी ठोकळे असलेले, ऑल-टेरेन (पक्क्या आणि कच्च्या दोन्ही वाटांचे) टायर घालायला सुचवले होते. "तुझ्या गाडीला तसलेच हाईत नव्हं, मग सांग की कुठलं घेऊ?" असे त्याने विचारले. या प्रश्नाला एका नावात उत्तर देता येत नाही. म्हणून त्याला फोनवर जे सांगितले ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण गावाकडच्या आणखी काहींनीही हेच विचारले आहे.

मी अमेरिकेत, कोलोराडो राज्यातील डेन्व्हरजवळ राहतो. घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याचे माझे काम असल्यामुळे शिड्या, पॅनेलखाली बसवायच्या पट्ट्या आणि हत्यारे हौद्यात भरून आठवड्यातून दोन-तीनदा डोंगरात जावे लागते. टायरची ओळख मात्र मला इकडे झालेली नाही. आबांचे शिवाजी उद्यमनगरात टायर रिमोल्डिंगचे दुकान होते. समोर आलेल्या टायरच्या नक्षीवरून ते आधी अंगठा एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवत, एका बाजूला धार लागली की अलाइनमेंट बिघडल्याचे सांगत, आणि काडेपेटीतली काडी खाचेत उभी करून नखाने खूण धरत. त्या काडीवरून टायर अजून किती चालेल याचा त्यांचा अंदाज क्वचितच चुकत असे.

हे सगळे ठाऊक असूनही इकडच्या पहिल्या हिवाळ्यात माझी चूक झाली. जुनी पिकअप घेतली तेव्हा तिला हमरस्त्याचे टायर होते आणि त्यांच्या बाजूवर 'एम प्लस एस', म्हणजे चिखल आणि बर्फ, अशी अक्षरे होती. तेवढ्यावर विसंबून मी नोव्हेंबरात आय-७० महामार्गावरून निघालो. अकरा हजार फुटांहून अधिक उंचीवरचा आयझेनहॉवर बोगदा ओलांडून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसले आणि मी ब्रेक दाबला. पायाखाली एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, खडखडत राहिले, गाडी सरळ रेषेत, अगदी शांतपणे घसरत कडेला गेली आणि लोखंडी कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. हौद्यात त्या दिवशी काहीच नव्हते. ही गोष्ट पुढे दादाच्या बाबतीतही महत्त्वाची ठरली.

त्या रात्री मी 'एम प्लस एस'चा अर्थ नीट समजून घेतला. ही अक्षरे नक्षीतील खाचांच्या रचनेबद्दल आणि रिकाम्या जागेबद्दल आहेत. ती मिळवण्यासाठी टायर बर्फावर चालवून पाहावा लागत नाही. याउलट तीन शिखरे आणि त्यांत हिमकण असे चिन्ह १९९९ पासून वापरात आहे, आणि ते मिळवायचे तर दाबलेल्या बर्फावरील चाचणीत त्या टायरची पकड ठरावीक तुलना-टायरपेक्षा किमान दहा टक्के अधिक यावी लागते. ही चाचणी गाडी पुढे ओढण्याच्या पकडीची आहे, ब्रेकची किंवा वळणाची नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ते चिन्ह असलेला ऑल-टेरेन टायर बर्फात वर चढवून नेईल, परंतु काचेसारख्या गोठलेल्या थरावर थांबण्यासाठी खास हिवाळी टायरच अधिक खात्रीचा. कोलोराडोत १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात आय-७०च्या मॉरिसन ते डॉटसेरो या टप्प्यात फोर-व्हील ड्राइव्ह गाडीलाही किमान ३/१६ इंच, म्हणजे सुमारे ४.८ मिलिमीटर नक्षी लागते. एरवी ज्या १.६ मिलिमीटरला टायर बाद धरतात, त्याच्या तिप्पट ही खोली झाली.

टायरच्या दुकानात गेलो, तेव्हा खरा गुंता ओझ्याचा निघाला. माझ्या गाडीचा मूळ टायर 'पी' मालिकेतील २७५/६५ आर १८ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) या मापाचा होता आणि त्याचा भारांक, म्हणजे एक टायर किती ओझे पेलतो ते सांगणारा आकडा, ११६ होता, म्हणजे १,२५० किलो. मात्र मोटारीसाठीचा 'पी' टायर पिकअपला घातला की त्याची क्षमता १.१ने भागून धरावी लागते, म्हणजे हाती सुमारे १,१३६ किलो उरतात. त्याच मापाचा 'एलटी', म्हणजे हलक्या ट्रकचा टायर ताकदीच्या 'सी' श्रेणीत ५० पौंड हवेवर १,१५० किलो पेलतो आणि 'ई' श्रेणीत ८० पौंडांवर १,५५० किलो. 'ई' श्रेणीला दुकानदार 'दहा प्लाय' म्हणतात, परंतु आत दहा थर नसतात. सुती धाग्यांच्या काळातील ती मोजणी आहे आणि आज ती केवळ ताकदीची खूण म्हणून उरली आहे. आपल्याकडे टायरवर जे '८ पीआर', '१० पीआर' (पीआर म्हणजे प्लाय रेटिंग) छापलेले असते, तेही याच घराण्यातले.

येथे अनेक जण फसतात. 'एलटी' टायर अधिक मजबूत म्हणून तो घालतात आणि हवा मात्र पूर्वीचीच ३५ पौंड ठेवतात. जाड बांध्याचा हा टायर आपली क्षमता हवेच्या जोरावरच दाखवतो. ३५ पौंडांवर तो मूळ टायरइतके ओझे पेलत नाही आणि भरल्या गाडीत आतून तापतो. कंपनीच्या तक्त्यात आपल्या मापासमोरचे ओझे आणि हवा पाहूनच आकडा ठरवावा लागतो. थंडीत तर हा आकडा पुन्हा पुन्हा तपासावा लागतो, कारण तापमान साडेपाच अंशांनी उतरले की साधारण एक पौंड हवा कमी दिसते, आणि डेन्व्हरला दुपार व पहाट यांत वीस अंशांचा फरक पडणे नवलाचे नाही.

मी 'ई' श्रेणी घेतली नाही. माझे ओझे 'सी'मध्ये आरामात बसत होते आणि 'ई'चा प्रत्येक टायर काही किलोंनी जड असतो. ते वजन चाकाबरोबर फिरते आणि रिकाम्या गाडीत प्रत्येक खड्डा पाठीला कळवते. ज्यांना रोज दगड-विटा किंवा जड ट्रेलर ओढायचा आहे, त्यांनी मात्र येथे काटकसर करू नये.

एका दुकानदाराने मला चांगली सूट देऊ केली होती. मी वाकून बाजूवरचा डीओटी संकेत, म्हणजे अमेरिकी वाहतूक खात्याच्या नियमाने छापलेला क्रमांक, वाचला. त्यातील शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात, '२३१९' म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. ते टायर चार वर्षे गोदामात पडून होते आणि विचारल्याखेरीज त्याने ते सांगितले नव्हते. मी तेथून निघून आलो. पुढे दुसरीकडे चार टायर बसवून, बॅलन्सिंगसह साडेअकराशे डॉलर लागले.

त्यांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. बीएफगुडरिचने १९७६मध्ये रेडियल ऑल-टेरेन टायर आणला, तेव्हापासून टोयो, फाल्कन, गुडइयर अशा अनेक कंपन्यांचे चांगले पर्याय आहेत. परंतु एकाच नावाचा टायर एका मापात 'पी' असतो, तर दुसऱ्यात 'एलटी', आणि नक्षीची खोलीही मापागणिक बदलते. म्हणून नाव विचारू नये, आपल्या मापाच्या टायरच्या बाजूवर काय लिहिले आहे ते वाचावे. दिसायला भारदस्त म्हणून मोठे माप घालण्याच्या मोहाविषयीही एवढेच सांगतो की, १७ इंची रिमवर २६५/७०ऐवजी २८५/७० घातला की घेर साडेतीन टक्क्यांनी वाढतो, काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०३ च्या पुढे असते, आणि वळणावर टायर मडगार्डला घासण्याची शक्यता असते. माप न बदलताही ऑल-टेरेनमुळे माझे ॲव्हरेज गॅलनला सुमारे दीड मैलाने उतरले आणि हमरस्त्यावर गुणगुण वाढली. हा खर्च मी डोंगरासाठी स्वीकारला.

आता दादाच्या प्रश्नाकडे येतो. मी त्याला आधी काडी आणायला सांगितली. पुढच्या टायरांत पाच मिलिमीटर भरले, मागच्या दोन्ही टायरांत जेमतेम दोन, आणि तेही मधोमध कमी, कडेला जास्त. टायर झिजून गुळगुळीत होण्याच्या वाटेवर होते. मग मी विचारले की, गाडी घसरली तेव्हा भरलेली होती की रिकामी. दोन्ही वेळा ती माल उतरवून परत जाताना रिकामी होती. पिकअपचे मागचे अंग रिकामे असताना हलके असते. पूर्ण ओझ्यासाठी भरलेली कडक हवा तशीच राहिल्याने टायर केवळ मधल्या पट्ट्यावर टेकतो, तो पट्टा झिजतो, आणि ओल्या डांबरावरचे पाणी बाहेर काढायला खाचाच उरत नाहीत. कठड्याशी थांबलेली माझी गाडीही अशीच मागून हलकी होती.

त्याला हिमकणाचे चिन्ह नको आहे. मोठ्या गोट्यांचा टायरही नको, कारण त्याची वाट डांबरी आहे आणि गोट्यांमधली जागा जितकी रुंद, तितके कमी रबर डांबराला टेकते. शेतात शिरून ऊस काढणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्याला गाडीच्या कागदावरील भारांकाचा किंवा त्याहून वरचा, चार सलग उभ्या खाचा आणि बारीक चिरांची नक्षी असलेला, याच वर्षी तयार झालेला टायर हवा आहे, आणि हवेचे दोन आकडे, भरल्या गाडीचा आणि रिकाम्या गाडीचा, दरवाजाच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेले हवे आहेत.

मागचे दोन टायर त्याने शनिवारी बदलले. आबा स्वतः दुकानात गेले होते. तारखेचे चार अंक त्यांनी चष्मा लावून वाचले आणि नव्या खाचेत काडी उभी करून मला फोटो पाठवला, नखाची खूण काडीच्या जवळजवळ पाव उंचीवर होती.