समासातले भांडण

वाचनालयातून आणलेली एक जुनी कादंबरी दुपारी उघडली आणि बाराव्या पानावर अडकलो, ते मात्र कथानकामुळे नव्हे. नायिकेच्या हाती एक पत्र येते आणि ती ते न उघडताच कपाटात ठेवून देते, एवढाच त्या पानावरचा प्रसंग आहे. त्या परिच्छेदाशेजारी समासात कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते, ‘आधी उघड ना बाई ते पत्र! मुर्ख कुठली.’ त्याखाली निळ्या शाईत, तिरप्या आणि ठसठशीत अक्षरांत दुसऱ्या कोणीतरी उत्तर दिले होते, ‘उघडले असते तर कादंबरी बाराव्या पानावरच संपली असती.’ शिवाय पेन्सिलीच्या ‘मुर्ख’मधल्या ऱ्हस्व उकाराला गोल करून तो दीर्घ करून ठेवला होता. त्यानंतर मी वाचत राहिलो खरा, पण कादंबरी कमी आणि समास अधिक.

पेन्सिलीचा स्वभाव उतावळा आहे. एखादे वाक्य पटले की ती त्याखाली दोन रेघा ओढते, न पटले की ‘काहीही!’ लिहून मोकळी होते, आणि नायिकेच्या दिराबद्दल तिला इतका राग आहे की एका ठिकाणी टोक मोडून कागदाला भोक पडले आहे. निळी शाई शांत, अभ्यासू आणि किंचित असह्य आहे. ती ‘पान ३४ पाहा’ असे लिहिते आणि पान ३४ पाहिले तर तिचेच म्हणणे बरोबर निघते. वाचनालयातल्या कोणीतरी मध्येच खोडरबर चालवलेले दिसते, पण त्याने पेन्सिल पुरती गेली नाही आणि शाईला तर ओरखडाही आला नाही.

पुस्तकांवर लिहिणाऱ्यांविषयी माझे मत एरवी चांगले नाही. कोलरिजसारखा कवी असेल तर गोष्ट वेगळी. त्याने टिपणे करावीत म्हणून मित्र आपली पुस्तके त्याच्याकडे देत असत, आणि चार्ल्स लॅमने १८२०च्या एका निबंधात असे म्हटले आहे की कोलरिज पुस्तक व्याजासह परत करतो, त्याच्या टिपणांनी त्याची किंमत तिप्पट होते. आपल्या वाट्याला येणारे टिपणकार बहुधा या तोडीचे नसतात. माझ्या वाट्याला पहिला आला तेव्हा मी अकरा-बारा वर्षांचा होतो.

सुट्टी होती आणि बऱ्याच दिवसांच्या प्रतीक्षेनंतर एक रहस्यकथा हाती लागली होती. सुरुवातीलाच पात्रांची यादी छापलेली होती आणि तिच्यात डॉक्टरांच्या नावापुढे भली मोठी फुली मारून लिहिले होते, ‘हाच खुनी.’ मी जवळजवळ रडलो. पुस्तक मिटून ठेवले, तासाभराने पुन्हा उघडले आणि मग दोन दिवस त्या डॉक्टरांवर असे बारीक लक्ष ठेवले की त्यांच्या लेखकानेही कधी ठेवले नसेल. त्यांनी हातमोजे काढले की मला अर्थ कळायचा, ते कोणाला प्रकृती विचारू लागले की माझ्या अंगावर काटा यायचा. शेवटच्या प्रकरणात खुनी निघाला माळी. डॉक्टर पहिल्यापासून निर्दोष होते. नुसते निर्दोषच नव्हे, तर पुस्तकातले सर्वांत भले गृहस्थ होते.

ती फुली मारणारा खोडकर होता, की अर्ध्यातच ‘मी ओळखले’ म्हणून पुस्तक परत करणारा एखादा आत्मविश्वासू वाचक होता, हे कोडे मला मूळ खुनापेक्षा अधिक काळ पुरले. मी ती फुली खोडली नाही, हेही सांगून टाकतो. मला जो अनुभव आला तो पुढच्यालाही यावा, असा उदार विचार त्यामागे होता.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये बारा लघुकथा घेऊन असा प्रयोग केला की काही वाचकांना शेवट आधी सांगायचा आणि काहींना नाही. ज्यांना सांगितला होता त्यांना कथा एकंदरीत अधिक आवडल्या, रहस्यकथासुद्धा. हे वाचले तेव्हा मला डॉक्टर आठवले. शेवट चुकीचा सांगितला तर किती आवडते, हेही त्यांनी तपासायला हवे होते. तरीही मालिकेचे दोन भाग आपल्यापुढे असणारा मनुष्य जेव्हा ‘मी काही बोलत नाही, तू बघ’ असे म्हणून अर्थपूर्ण हसतो, तेव्हा कोणतेही संशोधन उपयोगी पडत नाही. त्याने सरळ सांगून टाकले असते तर कदाचित क्षमा केली असती. त्या हसण्याला क्षमा नाही.

माझी स्वतःची खोड वेगळीच आहे. माझ्या आवडत्या पुस्तकाला कोणी शिव्या घातल्या तर मला वाईट वाटत नाही, उलट बाह्या सरसावून बसावेसे वाटते. मला सहन होत नाही ते ‘बरे आहे.’ एका मित्राला मी माझे अत्यंत लाडके पुस्तक आग्रहाने वाचायला दिले होते. तीन आठवडे मी त्याला काही विचारले नाही, ही माझ्या आयुष्यातली मोठी तपश्चर्या समजावी. त्याने पुस्तक परत केले, वर्तमानपत्राचे घातलेले कव्हर तसेच होते, कोपरा कुठे दुमडलेला नव्हता, आणि तो म्हणाला, ‘बरे आहे. मधे जरा लांबले आहे.’ पुढे आम्ही हवापाण्याविषयी बोललो. मैत्री टिकली, पण त्याला दुसरे पुस्तक मी दिले नाही.

चित्रपट संपल्यावर बाहेर पडतानाची काही क्षणांची शांतता मला म्हणूनच फार नाजूक वाटते. दोघे जिन्यावरून उतरत असतात, दोघांचेही मत तयार असते आणि दोघेही समोरच्याने आधी बोलावे म्हणून चपलेकडे किंवा गर्दीकडे पाहत असतात. मग एकजण ‘काम छान केले आहे सगळ्यांनी’ असे काहीतरी बिनधोक वाक्य टाकतो आणि दुसरा त्यावरून अंदाज घेऊन आपले मत अर्ध्या पायरीने वर किंवा खाली सरकवतो. ज्याच्यासोबत असे सरकवावे लागत नाही तो सोबती फार क्वचित मिळतो.

लेखकांना मात्र वाचकांनी असे जपून कधी वागवले नाही. १८६८ मध्ये ‘लिटल विमेन’ या कादंबरीचा पहिला भाग निघाला आणि तिची लेखिका ल्युइझा मे अल्कॉटला मुलींची पत्रे येऊ लागली की आता नायिका जो हिचे लग्न तिचा शेजारी मित्र लॉरी याच्याशी लावून द्या. कोणाला खूश करण्यासाठी आपण हे लग्न लावणार नाही, असे तिने रोजनिशीत लिहून ठेवले आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या भागात जोला वयाने बराच मोठा असलेला एक जर्मन प्रोफेसर मिळवून दिला. त्या लग्नावरची नाराजी आजही मावळलेली नाही. कॉनन डॉयलने १८९३च्या डिसेंबरात शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटून दिले, तर वाचकांनी संतप्त पत्रे लिहिली, कित्येकांनी त्या कथा छापणाऱ्या मासिकाची वर्गणी बंद केली, आणि १९०३ मध्ये होम्सला अखेर जिवंत परत यावे लागले. एक बाई बधली नाही, एक गृहस्थ बधले. माझा आदर बाईंकडे जातो, पण होम्सच्या परत येण्याचा आनंद मी भरपूर लुटला आहे, तेव्हा फार ताठ मानेने बोलण्यात अर्थ नाही.

तर ती कादंबरी. संध्याकाळपर्यंत मी निम्म्याच्या पुढे गेलो होतो आणि बऱ्याच वेळा निळ्या शाईच्या बाजूने कौल द्यावा लागला होता, तरी मन पेन्सिलीकडेच ओढत होते, कारण प्रवासाला सोबत निवडायची झाली तर मी बरोबर असणाऱ्यापेक्षा कागदाला भोक पाडणाऱ्याला निवडीन. तेवढ्यात एक गोष्ट ध्यानात आली आणि मी मागची सगळी पाने पुन्हा चाळली. निळी शाई प्रत्येक वेळी पेन्सिलीला उत्तर देते. पेन्सिल निळ्या शाईला एकदाही देत नाही. म्हणजे पेन्सिल केव्हाच वाचून गेली होती. मी दुपारपासून ज्याला भांडण समजत होतो त्यातल्या एका पक्षाला, आपल्याशी कोणी भांडते आहे, याचा पत्ताही नव्हता.

आणि पान १८७ नंतर पेन्सिल नाही. पुस्तक कंटाळून परत केले, मुदत संपली, की आणखी काही झाले, ते समजण्याचा मार्ग नाही. निळी शाई मात्र पुढेही लिहीत राहते. दोन-तीन पाने कोरी जातात, मग ‘इथे तुम्ही नक्की चिडला असता’ असे एक वाक्य येते, मग पुन्हा बरीच पाने काही नाही. शेवटच्या पानावर नायिका ते पत्र न उघडताच चुलीत टाकते आणि त्याखाली, मजकूर संपल्यावर उरलेल्या जागेत, ‘आता बोला!’ असे लिहिलेले आहे. अक्षर तेच, पण तिरपेपणा कमी झालेला.

त्या दोन शब्दांखाली तीन-चार ओळींची जागा शिल्लक आहे. वाचनालयाच्या पुस्तकावर मी आजवर एकही अक्षर लिहिलेले नाही. पेन्सिलीला टोक काढून ठेवले आहे आणि पुस्तक परत करण्याची तारीख उद्याची आहे.