मिंट टाकून झालं, आता मतदार यादी उघडा

विंडोज १०ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. तेव्हापासून जळगाव-धुळ्याकडे जुना लॅपटॉप काखेत मारून ‘भाऊ, लिनक्स टाकी द्या ना’ म्हणणारे बरेच दिसतात. लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, आणि मिंट हा तिचाच एक प्रकार. फाइली कॉपी होईपर्यंत काही काम नसतं आणि गप्पा देशाच्या राजकारणावर येतात. याद्यांत घोळ आहे, कोणाचं नाव उडालं, कोणाचं दोनदा आलं, आणि आपल्या हातात काय आहे? त्या शेवटच्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर त्याच लॅपटॉपवर मिळतं.

लिनक्स टाकण्याबद्दल फार सांगत नाही. ४ जीबी रॅम असेल तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, २ जीबी असेल तर अँटिएक्स हा लिनक्सचा आणखी हलका प्रकार. फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली नाही तर कुठलंही लिनक्स रडतच चालणार. जुन्या ब्रॉडकॉम वायफायचा ड्रायव्हर आधी नेट मागतो, तेव्हा मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करा, म्हणजे मोबाइलचं नेट लॅपटॉपला द्या. आणि आधी फोटोंचा बॅकअप. मालक ‘काही नाही त्यात’ म्हणाला तरी.

आता यादी. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर जिल्हा, विधानसभा मतदारसंघ, भाषा आणि भाग (एका मतदान केंद्राची यादी) क्रमांक निवडला की पीडीएफ उतरते. पण ती चित्रांची पीडीएफ असते, तिच्यात नाव शोधता येत नाही. यादी शोधण्याजोग्या रूपात द्या, ही मागणी काँग्रेस नेते कमलनाथ यांनी सर्वोच्च न्यायालयात केली होती. २०१८ मध्ये ती फेटाळली गेली. मात्र त्याच निकालात म्हटलंय की, हवं असेल तर अर्जदाराने स्वतः मेहनत घेऊन यादी तशी करून घ्यावी. मग घेऊ की मेहनत.

सॉफ्टवेअर मॅनेजरमधून पॉप्लर-युटिल्स (पीडीएफची पानं चित्रं म्हणून काढायला), इमेजमॅजिक (चित्रं कापायला), टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करायला), टेसरॅक्टची मराठी भाषा-फाइल आणि टीआरई-अ‍ॅग्रेप घ्या. पीडीएफची पानं इमेजमॅजिकने काढायला जाऊ नका. उबंटू आणि त्यावर उभ्या असलेल्या मिंटमध्ये सुरक्षा धोरणामुळे त्याला पीडीएफ उघडायची मनाई असते आणि तो नुसता एरर देतो. पानं पॉप्लरच्या पीडीएफ-टू-पीपीएमने काढा, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), करड्या रंगात. त्याहून कमी ठेवलं तर मात्रा आणि रफार अक्षरात मिसळतात.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते पुढच्या पायरीवर. यादीच्या पानावर तीन उभ्या रांगांत दहा-दहा अशा ३० मतदारांच्या चौकटी असतात. पान सबंध दिलं तर टेसरॅक्ट आडवं वाचत जातो आणि तीन घरांची माणसं एका ओळीत येतात. पाटलाची बायको चौधरीच्या घरी. म्हणून आधी इमेजमॅजिकने कडेची पांढरी जागा छाटा, मग क्रॉपच्या पर्यायाने पानाचे तीन उभे समान तुकडे करा. पानाच्या डोक्यावरची ओळ तुटेल, तिची गरज नाही. प्रत्येक तुकडा टेसरॅक्टला द्या. भाषा मराठी अधिक इंग्रजी, कारण ओळखपत्राचा क्रमांक इंग्रजीत असतो, आणि पानरचनेचा पर्याय ६, म्हणजे एकसंध मजकूर.

१,२०० मतदारांचा भाग म्हणजे चाळीसेक पानं, तुकडे सव्वाशेच्या आसपास. टेसरॅक्ट एका चित्रासाठी चार थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) घेतो, पण त्याचा फायदा फारसा नाही. थ्रेडची मर्यादा १ करून प्रोसेसरला कोअर असतील तितके तुकडे एकाच वेळी चालवा, काम लवकर उरकतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हे दुपारी करू नका. बाहेर ४४-४५ अंश असताना धूळ भरलेला पंखा हरतो, प्रोसेसर आपोआप वेग उतरवतो आणि लोक दोष लिनक्सला देतात.

मजकुरात शब्द शोधणारा लिनक्सचा साधा ग्रेप इथे फसवतो. टेसरॅक्टच्या वाचनात भ चा म होतो, घ चा ध होतो, चौकटीची रेघ काना किंवा दंड म्हणून येते. नंदुरबारकडच्या यादीत ‘भिल’ शोधाल आणि तिथे ‘मिल’ बसलेलं असेल. टीआरई-अ‍ॅग्रेपला एक-दोन चुकांची सूट देऊन शोधा. आडनावाने शोधणं तर सोडाच. पाटील, चौधरी, महाजन टाकलं तर अर्धं गाव समोर येतं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव घ्या, नाहीतर ओळखपत्राच्या क्रमांकातले शेवटचे चार अंक. सुरुवातीच्या अक्षरांत ओ आणि शून्याची गल्लत हमखास असते.

नाव मिळालं नाही म्हणून लगेच बोंब नको. मूळ पान डोळ्यांनी बघा, मागची पुरवणी बघा. नाव खरोखर नसेल तर नमुना ६, पत्ता बदलला किंवा चूक असेल तर नमुना ८ भरा, आणि बीएलओला (आपल्या मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणारा अधिकारी) प्रत्यक्ष भेटा. खानदेशातली किती घरं सुरतेला उधना-लिंबायतला कामाला गेलीत. त्यांची नावं दोन्हीकडे असू शकतात, आणि १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ प्रमाणे एकापेक्षा जास्त मतदारसंघांत नोंद चालत नाही. घरच्यांनीच ठरवावं कुठलं ठेवायचं. एका नावाची दोन माणसं गावात असतातच, तेव्हा वय आणि बापाचं नाव जुळल्याशिवाय नाव वगळण्यासाठीचा नमुना ७ भरू नका. खोटं निवेदन दिलं तर त्याच कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पक्षाचा माणूस भरलेल्या नमुन्यांचा गठ्ठा सहीसाठी पुढे करत असेल तर हे त्याला ऐकवा.

तयार झालेली फाइल गावच्या ग्रुपवर टाकायचा मोह होईल. टाकू नका. तिच्यात सबंध वस्तीची नावं, वयं, घर क्रमांक एका शोधात सापडतील अशा रूपात असतात, आणि यादी चित्रांत ठेवण्यामागे खासगीपणाचं कारण दिलं जातं ते अगदीच पोकळ नाही. ज्यांनी विचारलं त्यांना त्यांच्या ओळीपुरतं सांगा आणि तुकडे, मजकूर सगळं डिलीट करा. कचरापेटीतूनही.