ग्वांगजांग बाजारात मुगाचं धिरडं

"अगं, हे तर आपलं मुगाचं धिरडं!" आई जात्यापाशीच थांबली. दक्षिण कोरियात, सोलच्या ग्वांगजांग बाजारात शिरून आम्हाला जेमतेम पाच मिनिटं झाली होती. जातं दगडी, फक्त विजेवर फिरणारं. वरून भिजवलेली, सालं काढलेली मुगाची डाळ पडत होती आणि कडेने फिकट पिवळं पीठ बादलीत उतरत होतं. त्यात मोड आलेले मूग, किमची (आंबवलेला तिखट कोबी) आणि कांद्याची पात कालवतात आणि जाडजूड धिरडी घालतात. धिरड्याला आपण कडेने चमचाभर तेल सोडतो. इथे तव्यावर तेलाचं तळं असतं. नाव बिंदेतोक. कडा चकलीसारखी कुरकुरीत, आत मऊ. सोबत सोया सॉस-व्हिनेगरमध्ये बुडवलेला कच्चा कांदा देतात, तो सोडू नका, नाहीतर तिसऱ्या घासाला तेल जड होतं.

बाजार १९०५ सालचा. मूळ धंदा कापडाचा, आजही वरच्या मजल्यावर रेशमाची दुकानं आहेत. खाण्याच्या गाड्या मधल्या बोळांत. जायला मेट्रोची १ नंबर लाइन, स्टेशन जोंगनो ५-गा, ८ नंबरचं दार. आम्ही गेलो तेव्हा चालायचा रस्ता गुगल मॅप्स तिथे धड दाखवत नव्हतं, नेव्हर मॅप (Naver) हे कोरियन नकाशांचं अ‍ॅप आधीच घेऊन ठेवा. संध्याकाळी सहानंतर आणि शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. आम्ही मंगळवारी अकराला गेलो, मनासारखं बाकडं मिळालं.

बाकड्याबद्दल सांगायलाच हवं. जानेवारी, बाहेर उणे सात. आई बसली आणि दचकून उठलीच. बाकडं खालून गरम! थंडीत तिथे बाकड्यांना हीटर असतो. मग मात्र ती तासभर हलली नाही.

समोरची बाई पोळपाटाएवढ्या जागेत नूडल्स करत होती. कणकेचा गोळा लाटला, घडी घातली, सुरीने भराभर कापला, थेट उकळत्या पाण्यात. कालगुक्सु म्हणजे शब्दशः सुरीने कापलेल्या नूडल्स. चकोल्या डाळीत न सोडता सुक्या मासळीच्या पाण्यात सोडल्या तर काय होईल, ते हे. आम्ही मालवणकडचे, त्यामुळे त्या वासाने आई खूशच झाली. धातूच्या चपट्या काड्यांवरून नूडल्स घसरतात. बाईंनी आईची धडपड पाहून न मागता काटा पुढे केला.

त्यांना हाक कशी मारायची, हे मी आधी विचारून घेतलं होतं: 'इमो'. अर्थ मावशी! आईला हे कळल्यावर तिने सरळ मराठीतच सुरू केलं, "मावशी, तिखट जरा कमी." लाल तिखटाच्या बरणीकडे बोट दाखवून हात हलवला, काम झालं.

माझी चूक वेगळी. पहिल्या गाडीवर भाव न विचारता बसले आणि ताटाकडे नुसतं बोट दाखवलं. आलं ते मोठं मिश्र ताट, त्यात डुकराचं मांस. पैसे देऊन तसंच ठेवून उठलो. तेव्हा बसण्याआधी दोन गोष्टी विचारा. 'इगो ओल्मायेयो?' म्हणजे हे केवढ्याला. आणि 'द्वेजीगोगी?' म्हणजे डुकराचं मांस आहे का. काही ठिकाणी मांसाचं बिंदेतोक वेगळं असतं, काही ठिकाणी पिठातच मिसळलेलं.

शुद्ध शाकाहारी असाल तर इथे फार आशा ठेवू नका. रस्सा मासळीचा, किमचीत बहुधा मासळीचा सॉस, तेल सगळ्याला एकच. त्यातल्या त्यात करंगळीएवढे मायाक किंबाप: भात, गाजर, मुळ्याचं लोणचं, बाहेरून समुद्री शेवाळाचं पान. तेही आत काय आहे ते बघूनच. रक्त भरलेलं काळं आतडं म्हणजे सुन्दे. ते दिसलं की आईची मान आपोआप दुसरीकडे वळायची.

आमचं बिल: बिंदेतोक ५,०००, कालगुक्सु ६,०००. एकूण ११,००० वॉन, म्हणजे साडेसहाशे-सातशे रुपये, दोघींचं पोट टम्म. रोख सुटे पैसे जवळ ठेवा. टिप देत नाहीत. आईने हजाराची नोट पुढे केली, तर मावशींनी ती परत तिच्याच पिशवीत कोंबली आणि वर एक किंबाप कागदात गुंडाळून दिला. तो आम्ही बाजारामागच्या चंग्येचन ओढ्याच्या काठावर, गोठलेल्या पाण्याकडे बघत खाल्ला.