पाच संस्था, एक पत्रक

सीओपीडीचं, म्हणजे धाप वाढवत नेणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचं, निदान झालं त्या दिवशी मला पहिला प्रश्न आला, "सिगारेट किती वर्षं ओढलीत?" मी एकदाही ओढलेली नाही. लहानपणापासून बंद खोलीत, चुलीच्या धुरात स्वयंपाक केला. जिना चढताना धाप लागायची ती चार वर्षं सगळ्यांनी वयावर ढकलली, मीसुद्धा.

आमच्या रुग्णगटाने जागतिक सीओपीडी दिनासाठी इतर संस्थांना सोबत घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. हा दिवस २००२पासून, साधारणपणे नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी पाळतात. छातीरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, तंबाखू सोडवण्यासाठी काम करणारे आणि खाण कामगारांची संघटना असे चौघे आले.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाने आपापलं पत्रक टेबलावर ठेवलं. एकात 'जुनाट ब्राँकायटिस', दुसऱ्यात 'एम्फिसीमा', तिसऱ्यात चक्क 'दमा'. वाचणाऱ्याला हे तीन वेगळे आजार वाटणार. डॉक्टरांनी समजावलं की पहिले दोन सीओपीडीतच येतात. दमा वेगळा, पण एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. शेवटी नाव 'सीओपीडी' ठेवलं आणि खाली लिहिलं : श्वासनलिका अरुंद होऊन धाप वाढत जाणारा आजार.

खरा वाद चित्रावरून झाला. तंबाखूविरोधी गटाला सिगारेटच हवी होती. त्यांचं चूक नव्हतं. ओढणाऱ्याने सिगारेट सोडली की फुप्फुसांची घसरण मंदावते, इतका फरक दुसऱ्या कशाने क्वचितच पडतो. पण मी म्हटलं, हे चित्र पाहून माझ्यासारखी बाई पत्रक उचलणारच नाही. खाण संघटनेचे दादा म्हणाले, "आमच्या माणसांच्या छातीत धूळ बसलीय. विडी न ओढणारेही खोकतात." बराच वेळ कोणी बोललं नाही. मग चित्र ठरलं : जिन्यात मध्येच थांबून कठडा धरलेला माणूस. सिगारेट, चुलीचा धूर आणि कामावरची धूळ त्याखाली एकाच ओळीत आली. ती ओळ मिळवायला तीन बैठका गेल्या, आणि त्या वाया गेल्या असं मला अजिबात वाटत नाही.

बोधचिन्हांचा क्रम अकारविल्हे लावला.

त्यानंतर तपासणीचा प्रश्न. आम्हाला वाटत होतं, येईल त्याची स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून श्वास मोजायची तपासणी, करू. डॉक्टरांनी नकार दिला. काहीच त्रास नसलेल्यांची सरसकट तपासणी करून उपयोग होत नाही, आधी प्रश्न विचारा, असं त्यांचं म्हणणं : धाप लागते का, खोकला-कफ बराच काळ आहे का, धुरात-धुळीत राहिलात का? शिवाय निदान करायचं तर श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देऊन पुन्हा फुंकावं लागतं. त्यानंतरही पहिल्या सेकंदातला श्वास पूर्ण फुंकेच्या ७० टक्क्यांहून कमी भरला, तर अडथळा पक्का. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्यांनी आम्हाला मोठ्या चुकीतून वाचवलं. कारण पुढचा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता : ज्याचा आकडा कमी येईल, तो दुसऱ्या दिवशी कुठे जाणार? त्यावर पाचही संस्थांनी लेखी वाटणी केली. तपासणी डॉक्टरांकडे, श्वासाचे व्यायाम फिजिओथेरपिस्टांकडे, व्यसन सोडवणं त्या गटाकडे, कामगारांना सुट्टी मिळवून पाठवणं संघटनेकडे, आणि महिन्याभराने प्रत्येकाला फोन करणं आमच्याकडे.

त्या बुधवारी एक बाई पत्रक हातात धरून माझ्या टेबलापाशी आल्या. 'चुलीचा धूर'वर बोट ठेवून म्हणाल्या, "हे खरंय?" मी त्यांना खुर्ची दिली. आत तंत्रज्ञ सांगत होता, "जोरात फुंका, अजून, अजून, थांबू नका." त्यांचं नाव माझ्या फोनच्या यादीत पहिलं आहे.