बाळंतं

नाताळचा गोठा आमच्याकडं दरवर्षी मीच करते. खोक्याच्या भिंती, माळेचे दिवे आणि छपरावर कापसाचं बर्फ. मिरजेत बर्फ! येशूची आई मरिया तर निळ्या पदरात इतकी टवटवीत, की काल रात्री बाळंत झालीय असं वाटूच नये.

1894 साली डॉ. वानलेसांनी सुरू केलेल्या इथल्याच मिशन हॉस्पिटलात आई बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. यंदा बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा, येशूजन्माचा दुसरा अध्याय वाचता वाचता मध्येच थांबली. "तिनंच बाळाला बाळंत्यानं गुंडाळलं, असं लिहिलंय बघ. म्हणजे जवळ बाई नव्हती गं. ना दाई, ना सासू. आणि पहिलटकरीण."

ही ओळ संडेस्कूलपासून मला पाठ. नाळ कुणी कापली असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

नासरेथ ते बेथलेहेम सव्वाशे-दीडशे किलोमीटर, म्हणजे मिरजेहून सातारा गाठण्याएवढं. कशासाठी, तर नावनोंदणीसाठी, तेही भरल्या दिवसांत. गाढवावर बसून गेली म्हणतो आपण; लूक गाढवाचं नावही काढत नाही. पुढं देवळात अर्पण द्यायचं तर कोकरू परवडेना. मग मोशेच्या नियमात गरिबांना सवलत होती त्याप्रमाणं दोन पाखरं. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातला हेरोद राजा? बेथलेहेमचे दोन वर्षांच्या आतले मुलगे मारायला निघालेला. त्याची मूर्ती मला तरी कुठल्या सेटमध्ये मिळाली नाही.

गोठ्यात पसरायला पाचट हवं होतं म्हणून गाडी काढून मळ्याकडं गेले. ऊसतोड चालू होती. बीडकडची टोळी, ओळीनं कोप्या. एका कोपीच्या तोंडाशी एक पोरगी मांडीवर बाळ घेऊन बसलेली. बाळ जुन्या लुगड्याच्या तुकड्यात.

"कितवा दिवस?"

"पाचवा." मग माझ्या हातातल्या पिशवीकडं बघत तिनं विचारलं, "पाचट कशाला? जनावरं किती हायेत?"

"एकही नाही," म्हटलं. पुढचं काही मला सांगता आलं नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं पहिल्यांदा हेच विचारलं, "बाळंत होताना जवळ कोण होतं तिच्या?"

ते मी विचारलंच नव्हतं.

आई उठली. ट्रंकेतलं धुऊन धुऊन मऊ झालेलं पातळ काढलं आणि चर्रकन फाडलं. "नवं टोचतं," म्हणाली. "चल, गाडी काढ."