सहावी उमेदवार आणि १५१ कनेक्शन

गेल्या पावसाळ्यात पणजीच्या पाटो भागातील आमच्या कार्यालयात पीएचपी या वेबसाइट बनवण्याच्या भाषेतील प्रोग्रामरच्या एका जागेसाठी सहा जणांच्या मुलाखती घेण्याचे काम माझ्याकडे आले. प्रश्न नेहमीचेच होते: इन्क्लूड आणि रिक्वायर यांत फरक काय, गेट आणि पोस्ट केव्हा वापरावे, डेटाबेसशी कनेक्शन कसे करावे. दुपारपर्यंत पाच जणांनी जवळपास एकाच शब्दांत उत्तरे दिली. दोघांनी तर मायएसक्यूएल या डेटाबेसशी जोडणारे ‘मायएसक्यूएल कनेक्ट’ हे जुने फंक्शन सांगितले, जे डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकलेले आहे. मुलांच्या हाती अजून प्रश्नोत्तरांच्या त्याच जुन्या याद्या पडतात, याचे मला फार वाईट वाटले.

सहावी मुलगी वाळपईहून कदंब बसने भिजत आली होती. कनेक्शन बंद कोण करते, असे मी विचारले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “स्क्रिप्ट संपली की पीएचपी स्वतःच बंद करते, सर. पण पर्सिस्टंट, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठी राखलेले, असेल तर ते उघडेच राहते. त्याचा त्रास मी एकदा भोगला आहे.”

कळंगुटच्या एका हॉटेलची बुकिंगची वेबसाइट ती सांभाळत असताना, नाताळच्या आठवड्यात, ऐन गर्दीच्या रात्री ‘टू मेनी कनेक्शन्स’ हा १०४० क्रमांकाचा एरर येऊ लागला. मायएसक्यूएल प्रशासकासाठी मर्यादेपलीकडे एक जादा कनेक्शन राखून ठेवते. त्यातून आत शिरून तिने प्रोसेसलिस्ट, म्हणजे चालू कनेक्शनची यादी, पाहिली, तर जवळजवळ प्रत्येक ओळीत ‘स्लीप’, म्हणजे निष्क्रिय, असे लिहिलेले होते. अपॅची या वेब सर्व्हरच्या प्रीफोर्क पद्धतीत (प्रत्येक विनंती वेगळी प्रोसेस हाताळते) मूळ मर्यादा २५६ प्रोसेसची, त्यांतील प्रत्येक प्रोसेस आपले कनेक्शन धरून बसलेली, आणि मायएसक्यूएलची मूळ मर्यादा मात्र १५१ कनेक्शनची. शिवाय निष्क्रिय कनेक्शन आपोआप तुटायला २८,८०० सेकंद, म्हणजे तब्बल आठ तास लागतात. प्रत्येक कनेक्शन मेमरी खाते म्हणून तिने मर्यादा वाढवली नाही, तर पीडीओमधील (पीएचपीची डेटाबेसशी जोडण्याची सोय) पर्सिस्टंटचा पर्याय काढला आणि अपॅचीचे प्रोसेस कमी केले.

प्रिपेअर्ड स्टेटमेंटची (क्वेरी आधी तयार करून मूल्ये नंतर देण्याची पद्धत) व्याख्या तिला नीट सांगता आली नाही, पण वापर अचूक लिहून दाखवला. मला तेवढे पुरेसे होते. तिची निवड मी तिथेच नक्की केली.

ती गेल्यावर मी आमच्याच जुन्या कोडमध्ये पर्सिस्टंटचा तो पर्याय शोधला. दोन ठिकाणी सापडला. घरी निघण्यापूर्वी दोन्हीकडून काढला.