नवतप्यातले पाच कॅन

निखिलचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पाणी मारत होते. इथे रात्रीचे साडेदहा, म्हणजे त्याच्याकडे सात. कशी आहात, काय चाललंय वगैरे काही नाही. थेट म्हणाला, “मॅडम, नळावर पॉइंट फाइव्ह लागतंय आणि तंबूत झिरो.”

पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला एवढं पुरतं. इतरांसाठी सांगते. पाण्यातले जंतू मारून झाल्यावरही थोडं क्लोरीन शिल्लक राहावं लागतं, कारण नळापासून तोंडापर्यंत येता येता पाणी पुन्हा बिघडू शकतं. आपल्या मानकाप्रमाणे ही शिल्लक लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवी. नळावर ०.५ म्हणजे चांगलंच. पण तंबूत शून्य म्हणजे एखाद्या पोराने खरकटा हात बुडवला की संपलं.

निखिल आमच्या नागपूरच्या लॅबमध्ये चार वर्षं होता. मग एका मदतसंस्थेत लागला आणि थेट दक्षिण सुदानात, रेंकला. पांढऱ्या नाईलच्या काठचं गाव, सुदानची सरहद्द जवळच. १५ एप्रिल २०२३ ला सुदानच्या राजधानीत, खार्तूममध्ये, लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांवर उठलं, आणि पहिल्याच दिवसांत तिथलं बहरीचं मोठं जलशुद्धीकरण केंद्र बंद पडलं. युद्धाचे नियम सांगणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या दोन्ही प्रोटोकॉलमध्ये पिण्याच्या पाण्याच्या यंत्रणेला हात लावू नका असं स्वच्छ लिहिलंय. लिहिलंय, एवढंच. लोक नदीचं पाणी भरू लागले, आणि जमेल तसे देश सोडू लागले. लाखो माणसं रेंकच्या वाटेने उतरली. निखिल त्यांच्याच तंबूंचं पाणी बघत होता.

“रिपोर्टात फक्त नळाचा आकडा मागतात,” निखिल म्हणाला. “त्यामुळे कागदावर सगळं हिरवं आहे. मी डोस डबल करून पाहिला, तर बाया वास येतो म्हणून कॅन घेऊन नदीवर जायला लागल्या.”

“तापमान?”

“मॅडम, तुमच्यासारखंच.”

ते वाक्य रात्रभर डोक्यात राहिलं. नागपूरने त्या युद्धाला काय द्यावं? पैसे नाहीत, औषधं नाहीत. पण मे महिना आहे की आपल्याकडे! तसंच ऊन, म्हणजे तंबूतलं क्लोरीन कुठे जातं ते इथेच करून बघता येईल.

२६ मे २०२४, रविवार. नवतप्याचा, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतला, दुसरा दिवस. लॅबला सुट्टी होती, पण साहेबांना विचारून किल्ली घेतली. सोबत कमलमावशी. त्या आमच्याकडे झाडलोट आणि काचसामान धुण्याचं काम करतात. पाच कॅन जमवले, वीस-वीस लिटरचे. तीन कोरे आणि दोन मावशींच्या वस्तीतून आणलेले जुने, ज्यात टँकरचं पाणी भरतात. आदल्या रात्री नळाचं पाणी उघड्या टाकीत ठेवून त्यातलं क्लोरीन मी उडवून दिलं होतं. सकाळी आठला पाचही कॅनमध्ये मोजून ०.५ चा डोस टाकला. एक कोरा कॅन खोलीत कूलरसमोर. एक कोरा, झाकण लावून, गच्चीवर उन्हात. एक कोरा झाकण उघडं ठेवून सावलीत. दोन्ही जुने झाकण लावून सावलीत.

मग दर तासाला डीपीडीची गोळी. नळीत पाणी घ्यायचं, गोळी विरघळवायची, गुलाबी रंग चढतो तो पट्टीशी जुळवायचा. जितका गडद तितकं क्लोरीन. बऱ्याच ग्रामपंचायतींत ओटी टेस्ट चालायची, पिवळा रंग येणारी. जंतू मारायला मोकळं असलेलं क्लोरीन आणि पाण्यातल्या दुसऱ्या कशाशी बांधलं गेलेलं, हे ती वेगळं दाखवत नाही, म्हणून मला तिचा राग आहे. असो.

बारा वाजले. गच्चीवर चपलेतूनही चटका बसत होता. कूलरसमोरच्या कॅनची नळी अजून छान गुलाबी. उन्हातल्याची पांढरीफटक. ऊन क्लोरीन खातं हे मला माहीत होतं, पण पातळ प्लास्टिकमधूनही इतकं खाईल असं वाटलं नव्हतं. उघड्या झाकणाचा कॅन फिका पडत चालला होता. आणि दोन्ही जुने, सावलीत, झाकण घट्ट लावलेले, तरी त्यांच्या नळ्यांना जवळजवळ रंगच नाही.

मी टॉर्च मारून आत बघितलं. तळाशी आणि कडांना हिरवट बुळबुळीत थर. क्लोरीन लोकांपर्यंत पोहोचण्याआधी हा थरच ते पिऊन टाकत होता.

“हात जात नाही न त्यात,” मावशी म्हणाल्या. त्यांनी एक कॅन उचलला, गच्चीच्या कोपऱ्यातली मूठभर बारीक गिट्टी टाकली, थोडं पाणी, थोडी साबणाची पूड, आणि दोन्ही हातांनी खळखळ हलवू लागल्या. पाच मिनिटांनी ओतलं ते पाणी ताकासारखं गढूळ, त्यात हिरवे पापुद्रे. तीनदा केलं. त्या कॅनमध्ये पुन्हा डोस टाकला, तर चार वाजेपर्यंत गुलाबी रंग टिकला. न धुतलेल्या शेजाऱ्यात केव्हाच काही उरलं नव्हतं.

चहा घेताना मावशींनी विचारलं, “मंग ते पाणी तुमी रातभर उघडं काऊन ठेवलं होतं?”

“त्यातलं औषध उडून जावं म्हणून. नाहीतर माझा हिशेब चुकला असता.”

मावशी कप हातात धरून थांबल्या. “आमी तर रोजच ठेवतो. टँकरचं पाणी वास मारते, म्हून गुंडात ओतून रातभर उघडं. सकाळी वास जाते, मंग पोरायले देतो.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “म्हंजे वास गेला का औषधबी गेलं? हे आमाले कोणी सांगतलंच नाही, बाप्पा.”

बावीस वर्षं मी या शहरातलं पाणी तपासतेय. मावशी नऊ वर्षं माझ्या नळ्या धुताहेत. नऊ वर्षांत मी त्यांना हे सांगितलं नव्हतं.

रात्री निखिलला लांबलचक मेसेज केला. आकडा नळावर नाही, तंबूत मोज. डोस एकदम दुप्पट करू नको, चढवत ने, आणि वास का येतो ते बायांना आधी सांग. नळांवर आणि टाकीवर सावली कर. आठवड्यातून एक दिवस कॅन धुण्याचा ठेव, खडी आणि साबण घालून, नळापाशीच. त्याने विचारलं, खडी किती? मी मावशींना फोन दिला. “मूठभर,” त्या म्हणाल्या, “पन बारीक पाह्यजे, मोठ्या गिट्टीनं कॅन चिरते.”

रेंकमध्ये माणशी रोज १५ लिटर मिळावं हे त्यांचं ध्येय होतं, आणीबाणीसाठी जगभर धरतात तेच किमान. एका नळामागे अडीचशे माणसं, रांग अर्ध्या तासापेक्षा लांब नको. माझ्या घरच्या कूलरची टाकी साठ लिटरची आहे. त्या उन्हाळ्यात ती भरताना दर वेळी चार माणसं मोजायची सवय लागली. कूलर बंद मात्र केला नाही, खोटं कशाला सांगू.

त्याच आठवड्यात नागपुरात ५६ अंशांची बातमी आली होती, आठवत असेल. देशभर बोंब झाली. मागाहून कळलं, त्या स्वयंचलित केंद्राचा सेन्सरच बिघडला होता. निखिलला पाठवली तर त्याने हसण्याचं चिन्ह टाकलं आणि खाली लिहिलं, “तंबूत पॉइंट टू, दोन दिवस सलग.”

ऑगस्टमध्ये त्याची बदली झाली. २८ ऑक्टोबरला दक्षिण सुदानने कॉलऱ्याची साथ जाहीर केली. सुरुवात रेंकमधून. त्या तंबूंपाशी काय झालं ते त्यालाही नीट कळलं नाही. तिथले नवे लोक फोन उचलत नव्हते. कॅन धुण्याचा दिवस चालू होता की बंद पडला होता, मी विचारलं नाही.

ती दिवाळीची आवराआवर होती. मावशी गच्चीवरून हाका मारत होत्या.

“मॅडम, हे पाच कॅन फेकू का? जागा अडवून राह्यले.”

“राहू द्या,” मी म्हटलं. “उन्हाळ्यात लागतील.”